चार हातांवरच्या बाई

एका जंगलात, मुलांनो, सगळेच प्राणी रवंथ करणारे होते. वाघ नव्हता, लांडगा नव्हता, त्यामुळे या गोष्टीत कोणी कोणाला खाणार नाही. ज्यांना तसलीच गोष्ट हवी असेल त्यांनी आत्ताच उठून जावं. दार हळू लावा.

तर खाडीकाठच्या त्या रानात सांबरं, चितळं, गवे, भेकरं, काळविटं आणि चौशिंगे राहत. सगळ्यांचे खूर दुभंगलेले आणि सगळ्यांच्या तोंडात सदा काहीतरी चघळायला. हे प्राणी यहुदी होते. प्राणी यहुदी कसे असतील, असं विचारू नका. बोलणारा कोल्हा तुम्हाला चालतो, मग यहुदी सांबरानेच काय घोडं मारलंय?

शुक्रवारी सूर्य मावळला की ते रान गप्प व्हायचं. तेलाचे घाणे थांबायचे. शनिवारी दिवसभर कोणी कामाला खूर लावायचं नाही. तो त्यांचा शब्बाथ. बाकीचे सहा दिवस ते घाणे फिरवायचे आणि फिरवता फिरवता शास्त्राच्या पुस्तकावर वाद घालायचे. सकाळी एक ओळ तोंडात घेतली की संध्याकाळपर्यंत तिचा रवंथ चालायचा. मला त्यांची ही सवय मनापासून आवडते.

सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघराच्या, अंगणात, जांभळाच्या झाडाखाली, पाडसांची शाळा भरायची. तिथे ते पुस्तक शिकवत. त्या पुस्तकात एक नियम होता. गुरू चार हातांवर आले की शिष्याने उठून उभं राहावं आणि गुरूंनी सांगेपर्यंत बसू नये. नियम सोपा होता. सोप्या नियमांचे फार हाल होतात, ते पुढे कळेलच.

वीस वर्षं त्या शाळेत एलोजी काळवीट गुरुजी होते. फार सज्जन. वीस वर्षांत त्यांनी पुस्तकाचं तिसरं पान कधी ओलांडलं नाही, कारण तिसऱ्या पानावर आले की त्यांचा डोळा लागायचा. ते आले की मुलं उभी राहायची, ते जागे झाले की पुन्हा उभी राहायची. मुलांचे पाय मजबूत झाले, वाचन मात्र बेताचंच राहिलं. रानात एलोजींना फार मान होता.

मग एलोजींना त्यांच्या लेकीने आपल्याकडे राहायला बोलावलं आणि शाळा ओस पडली.

शाळेची एक समिती होती. मुसाजी सांबर अध्यक्ष होता, कारण त्याची शिंगं सर्वांत मोठी. इसाजी चौशिंगा चिटणीस होता, कारण त्याची शिंगं सर्वांत जास्त. आणि हसाजी गवा सभासद होता, कारण त्याला नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

समितीने दवंडी पिटली. ज्याला पूर्ण पुस्तक पाठ असेल त्याने पुढे यावं. सगळं रान एकमेकांकडे बघत बसलं. प्रत्येकाला तीनच पानं येत होती. अध्यक्षांनासुद्धा. तेही एलोजींचेच विद्यार्थी.

आल्या त्या फक्त लेआबाई भेकर.

लेआबाई म्हणजे एवढ्याशा. शेळीच्या शेजारी उभ्या राहिल्या तर शेळी थोरली वाटावी. त्यांच्या वडिलांचा घाणा होता. घाण्याभोवती फिरता फिरता बापाने लेकीला अख्खं पुस्तक पाठ करून दिलं होतं. समासातल्या बारीक टिपांसकट. आणि आवाज असा, की या काठावर त्यांनी हाक मारली तर खाडीपलीकडचे 'ओ' द्यायचे. भेकराचा आवाजच तसा असतो, त्याला त्या तरी काय करणार?

समितीने त्यांना नेमलं. तात्पुरतं. तात्पुरतं म्हणजे काय ते मोठे झालात की कळेल. मी स्वतः एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली अकरा वर्षं तात्पुरती होते. मला अजून नीट कळलेलं नाही.

पहिल्या दिवशी लेआबाई मधाचं बुडकुलं घेऊन आल्या. यहुद्यांकडे ही रीतच आहे. नव्या मुलाच्या पाटीवर पहिलं अक्षर काढायचं, त्यावर मध लावायचा आणि मुलाने तो चाटायचा. म्हणजे अक्षर गोड लागतं आणि जन्मभर गोड राहतं. लेआबाई चार हातांवर आल्या आणि बावीसच्या बावीस पाडसं उठून उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. गुरू आले की उठायचं एवढं त्यांना माहीत होतं आणि गुरू आले होते.

"बसा," लेआबाई म्हणाल्या, आणि मुलं बसली.

महिनाभरात मुलं चौथ्या पानावर पोचली. चौथं पान आहे, हीच रानात बातमी झाली. आया घाण्यावर एकमेकींना विचारू लागल्या, की पाचव्यावर काय असेल गं?

असं सगळं सुरळीत चाललं असताना एक दिवस इसाजी चौशिंगा शाळेवरून गेला. त्याने मुलांना उठताना पाहिलं आणि तो धावत सुटला. लगेच सभा बसली.

"पोरं उभी राहिली," इसाजी धापा टाकत म्हणाला.

"कोणासाठी?" मुसाजीने विचारलं.

"लेआबाईंसाठी."

"मग?"

"मग म्हणजे? बाईमाणसासाठी पोरांनी उठायचं असं आपल्याकडे कधी झालंय?"

"बाई कधी शिकवायलाच नव्हती, तर होणार कसं?" हसाजी गव्याने विचारलं.

त्या सभेत विचारलेला हा एकच शहाणपणाचा प्रश्न. म्हणून तो वहीत लिहिला नाही.

पेच अवघड होता. मुलं उठली नाहीत तर पुस्तकाचा अपमान. उठली तर आजोबा-पणजोबांचा अपमान, कारण ते कधी कुठल्या बाईसाठी उठले नव्हते. शेवटी समितीने मधला मार्ग काढला. लेआबाई आल्या की मुलांनी अर्धं उठावं.

मुलांनो, तुम्ही कधी अर्धे उठून बघा. बूड जमिनीवर नाही आणि पाय सरळ नाहीत. तीन दिवस ती पाडसं तशी अधांतरी राहिली. पहिलं कलंडलं की सगळी रांग कलंडायची. चौथ्या दिवशी आया गुडघ्यांना लावायचं तेल घेऊन समितीच्या दारात आल्या आणि काय बोलायचं ते बोलल्या.

मग इसाजीला तोडगा सुचला.

"पुस्तक काय म्हणतं? चार हात. बाई चार हातांच्या आत आल्याच नाहीत, तर मुलांनी उठायचा प्रश्न येत नाही. प्रश्नच आला नाही, तर अपमान कोणाचाच नाही. बाईंचा मान राहिला आणि आपलाही राहिला."

मुसाजीला गहिवरून आलं. "बाईंच्या मानाचा इतका विचार आजवर कोणी केला नसेल," तो म्हणाला.

आता चार हात म्हणजे किती? हात तर रानात एकालाही नव्हता. बराच खल होऊन ठरलं की अध्यक्षांचा पुढचा पाय हा हात समजावा.

"माझा का नको?" हसाजीने विचारलं.

"आपला जाड आहे, लांब नाही," इसाजी म्हणाला.

मग मुसाजी मुलांच्या पुढे पाय लांब करून आडवा झाला, उठला, पुन्हा आडवा झाला. असा चार वेळा. शिवाय भानगड नको म्हणून एक हात जास्तीचा घेतला. हा पाचवा हात संपला तो थेट करवंदीच्या जाळीत. तिथे इसाजीने खूण केली. बाईंनी इथे उभं राहून शिकवावं.

आणि लेआबाई काट्यांत उभ्या राहून शिकवू लागल्या. आवाजाचा प्रश्न नव्हताच. पान पाचवं झालं, दहावं झालं, विसावं झालं. त्यांच्या कानाला ओरखडे होते आणि पाठीला काटे होते. समिती रोज सकाळी विचारायची, "बाई, काही त्रास नाही ना?" हे विचारायला समिती सावलीत थांबायची.

एक दिवस लेआबाई मुसाजीकडे गेल्या.

"मुसाजीभाऊ, काट्यांचं काही म्हणणं नाही माझं," त्या म्हणाल्या. "पण उद्या ते पान येणार. गुरू आले की उठावं, हे सांगणारं. मी ते जाळीतून वाचणार आणि मुलं माझ्याकडे बघणार. त्यांना काय वाटेल?"

"काय वाटेल?"

"की पुस्तक वाचायचं असतं, त्याप्रमाणे वागायचं नसतं. मुलं माझ्यासाठी उठत नव्हती हो. पुस्तकात आहे म्हणून उठत होती. ते तुम्ही मोडलंत, तर बाकीची पानं मी कोणत्या तोंडाने शिकवू?"

मुसाजीने बराच वेळ रवंथ केला. मग त्याचा चेहरा उजळला.

"मग ते पान वगळा ना."

"पान मी वगळणार नाही."

"तर मग तुमचं तुम्ही बघा," मुसाजी म्हणाला. "तुमची नेमणूक तात्पुरती आहे. घाटावरून आपले धर्मगुरू, रब्बी रहमीम, परीक्षा घ्यायला येतायत. पोरं एका जरी उत्तराला चुकली, तरी आम्हाला दुसरी सोय बघावी लागेल."

दुसरी सोय म्हणजे एलोजींचा भाचा. त्याला दीड पान येत होतं.

मुलांनो, लेआबाई त्या संध्याकाळी घरी गेल्या आणि घाण्यापाशी बसून राहिल्या. आयुष्यभर त्यांनी ते पुस्तक या घाण्याभोवती एकटीने म्हटलं होतं. आता बावीस पोरं त्यांच्या मागोमाग म्हणत होती. ही शाळा गेली असती, तर पुस्तक पुन्हा घाण्याभोवतीच फिरत राहिलं असतं, आणि त्यांच्याबरोबर संपलं असतं. मला या गोष्टीतल्या या जागी दरवेळी राग येतो. तो मी लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेल्या आणि त्यांनी ते पान शिकवलं. जाळीतून.

परीक्षेचा दिवस आला. रब्बी रहमीम म्हणजे म्हातारे नीलगाय. दाढी पांढरी, गुडघे दुखरे, आणि सात रानांत त्यांच्याएवढं पुस्तक कोणाला कळत नव्हतं. त्यांना जांभळाखाली बसवलं. समिती त्यांच्या बाजूला बसली. लेआबाई जाळीत होत्या.

रब्बींनी पहिल्या पानापासून विचारायला सुरुवात केली. पहिल्या तीन पानांवर समितीने जोरात माना डोलावल्या. चौथ्यापासून समिती नुसती हसत राहिली. मुलं चाळीस पानं धडाधड सांगत गेली. रब्बी चघळायचं विसरले.

"आता शेवटचं," ते म्हणाले. "गुरू चार हातांवर आले की काय करायचं?"

लेआबाईंनी जाळीत डोळे मिटून घेतले. मग एस्तेर चितळ, पहिल्या रांगेतली एवढीशी ठिपक्याठिपक्यांची पोर, म्हणाली, "मोजायचं."

"काय मोजायचं, बाळ?"

"गुरू चार हातांवर आहेत की पाच."

"आणि चारवर असतील तर?"

"तर इसाजीकाकांना हाक मारायची. ते गुरूंना मागे सरकवतात."

"चुकलं," इसाजी घाईघाईने म्हणाला. "वहीत घ्या, पोरगी चुकली. शिकवण्यातच दोष आहे."

"चुकली कुठे?" रब्बी म्हणाले. "जे बघितलं ते सांगितलं तिने." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "तुमच्या बाई कुठे आहेत?"

बावीस माना जाळीकडे वळल्या.

"इथे आहे," लेआबाई म्हणाल्या, आणि खाडीपलीकडून कोणीतरी 'ओ' दिली.

रब्बी उठले. त्यांना उठायला वेळ लागतो. आधी मागचे पाय, मग जरा दम, मग पुढचे. ते एकेक पाऊल टाकत जाळीपाशी गेले, शिंगांनी फांदी बाजूला केली आणि लेआबाई बाहेर येईपर्यंत तशीच धरून ठेवली. त्यानंतर ते उभेच राहिले. अगदी हातभर अंतरावर.

इसाजी वही घेऊन मागोमाग आला. "रब्बीसाहेब, आता आलाच आहात तर निर्णय देऊन टाका. बाई गुरू असेल तर उभं राहायचं का?"

"मी उभा आहे," रब्बी म्हणाले.

"हो, ते दिसतंय. पण निर्णय काय?"

"मी उभा आहे."

"आम्हाला लेखी..."

"माझे गुडघे दुखतायत, इसाजी," रब्बी म्हणाले, "तरी मी उभा आहे."

इसाजीने वहीत लिहिलं, की पाहुण्यांनी निर्णय देण्याचं टाळलं आणि प्रकृतीची तक्रार केली.

जाताना रब्बी मुसाजीला एवढंच म्हणाले, "या बाई तात्पुरत्या असतील, तर मी कोण आहे ते मला घरी जाऊन बघावं लागेल." मुसाजी लाजला. घाटावर नाचक्की होऊ नये म्हणून लेआबाईंची नेमणूक त्याच दिवशी कायम झाली.

इथे गोष्ट संपली असं वाटतंय ना? समिती असेल तिथे गोष्ट इतक्या लवकर संपत नाही.

समितीला वाटलं, आता बाईंचा आदर चारचौघांत केला पाहिजे. ठरलं, की शिक्षिका सन्मान दिन करायचा. मंडप घातला. मंडपात मंच केला. मंचावर तीन खुर्च्या मांडल्या. लेआबाईंना चौथी खुर्ची का नाही, असं हसाजीने विचारलं. त्यावर इसाजीने त्याला वही दाखवली. उभं राहण्यात मोठा मान आहे, हे रब्बींच्या वागण्यातून दिसून आलं. तेव्हा उभं राहण्याचा मान बाईंनाच देण्यात यावा.

लेआबाई सकाळपासून मंचावर उभ्या होत्या. मान मिळत होता.

झेंडूचा हार आणला होता, पण तो तिघांच्या तोंडासमोरून जायचा होता आणि तिघेही रवंथ करणारे. बाईंच्या गळ्यात पडला तेव्हा दोरा उरला होता आणि दोन फुलं. इसाजीने समितीने आजवर केलेल्या आदराचा इतिहास वाचून दाखवला. मग मुसाजी बोलायला उभा राहिला. स्त्री ही पहिली गुरू कशी, हे त्याने सांगितलं. त्याची आई त्याला कशी शिकवायची, हे सांगितलं. काय शिकवायची ते त्याला आठवेना, म्हणून त्याने पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं.

दुसरा तास लागला. मंचासमोर पाडसं बसली होती. अगदी पुढे सात नवी होती. त्यांचा तो शाळेचा पहिला दिवस. मांडीवर कोऱ्या पाट्या घेऊन ती सकाळपासून अक्षराची वाट बघत होती. एकाला झोप आवरेना. एक मुळुमुळु रडायला लागलं होतं.

लेआबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मधाचं बुडकुलं उचललं आणि मंचाच्या पायऱ्या उतरायला लागल्या.

मुसाजीचं लक्ष नव्हतं. त्याचे डोळे भाषणात मिटलेले असायचे.

लेआबाई खाली आल्या. मुलांपासून दहा हातांवर. आठ. सहा. पाच हातांवर आल्या आणि थांबल्या नाहीत.

आधी एस्तेर उठली. मग तिची रांग उठली. मग बावीसच्या बावीस, आणि त्यांचं बघून सात नवी. कोणी काही मोजलं नाही. मागे त्यांच्या आया बसल्या होत्या. त्यांना कोणी कधी ते पुस्तक शिकवलं नव्हतं, नियम काय आहे हेही कोणी सांगितलं नव्हतं. त्याही उठल्या.

"बसा," लेआबाई म्हणाल्या.

आणि त्या खाली बसल्या, पहिल्या पाटीवर पहिलं अक्षर काढलं आणि त्यावर मध लावला. रडणारं पाडस गप्प झालं.

मंचावर मुसाजीने डोळे उघडले होते, ते नेमके सगळा मंडप उभा असताना. "पुरे, पुरे," तो म्हणाला, "माझ्या चार शब्दांना एवढा मान कशाला?" आणि तो तिन्ही दिशांना वाकला. इसाजीने वहीत लिहिलं, की अध्यक्षांच्या भाषणाला सर्वांनी उभं राहून मानवंदना दिली.

वहीत आलं म्हणजे ते खरंच. तेव्हापासून पोरांच्या उठण्याला कोणी हरकत घेतलेली नाही. लेआबाई रोज सकाळी वर्गात येतात आणि मुलं उठतात. मुसाजी नेमका त्याच वेळी तिथून फेरी मारतो आणि लांबूनच पाय हलवून म्हणतो, "बसा, बसा." मुलं बसत नाहीत. बाईंनी सांगितलं की बसतात.

तात्पर्य: बाईंचा आदर करणं हे फार अवघड काम आहे. त्याला समिती लागते, ठराव लागतो, मंडप लागतो आणि निदान दोन भाषणं लागतात. तुम्ही अजून लहान आहात, तुमच्याच्याने ते व्हायचं नाही. तोवर बाई आत आल्या की नुसतं उठून उभं राहत जा.